कच्चे, पक्के आणि कुत्र्याची भाकरी

पुण्यात संगणकाच्या व्यवसायात असलेल्या माझ्या पुतण्याने गेल्या दिवाळीनंतर मला एक तक्ता पाठवला. तक्ता आमच्या मोत्याच्या आहाराचा होता. मोत्या नऊ वर्षांचा आहे, गावठी आहे, वजनाने सुमारे अठरा किलो भरतो. त्याच्या वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे रोज साडेचारशे ग्रॅम कच्चे अन्न त्याला द्यावे, त्यात ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाडे आणि दहा टक्के काळीज वगैरे अवयव असावेत, भाकरी, भात, दूध हे सर्व बंद करावे, असे त्यात नेमकेपणाने मांडले होते. खाली त्याने स्वतःचे एक वाक्य जोडले होते: "काका, कुत्रा हा मुळात लांडगा आहे, त्याला ज्वारी खाऊ घालणं ही हिंसा आहे."

आमच्या घरात चार माणसांत मिळून रविवारी अर्धा किलो मटण येते. मी तक्ता सौभाग्यवतींना वाचून दाखवला. त्यांनी तव्यावरची भाकरी उलथली आणि एवढेच विचारले, "अहो, मग उरलेलं पन्नास ग्रॅम कुणी खायचं?"

हा विषय विनोदावर संपवता आला असता. परंतु पुतण्याच्या म्हणण्यात जे खरे आहे ते मला अस्वस्थ करीत राहिले, आणि जे खोटे आहे त्याची किंमत आमच्या जिल्ह्यात एका विद्यार्थ्याने मोजलेली मी पाहिली होती. म्हणून हा लेख. मी मराठीचा मास्तर आहे, वैद्यकाचा नव्हे. तेव्हा चूभूद्याघ्या.

प्रथम खरे काय ते. कच्च्या आहाराची ही चळवळ वेडगळ लोकांनी सुरू केलेली नाही, पशुवैद्यांनीच केली आहे. इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याचे 'गिव्ह युवर डॉग अ बोन' हे पुस्तक १९९३ साली आले. त्याच देशातील टॉम लॉन्सडेल यांचे 'रॉ मीटी बोन्स' २००१ साली. लॉन्सडेल यांचा आरोप मुळात दातांपासून सुरू होतो. पाकिटातील मऊ वा भुसभुशीत अन्न खाऊन कुत्र्यांच्या हिरड्या सडतात, त्या सडण्यातून इतर व्याधी उद्भवतात, आणि ज्या धंद्याने हे अन्न विकायचे त्याच धंद्याच्या सावलीत वाढलेल्या वैद्यांनी त्या व्याधींवर इलाज करायचा, असे हे चक्र आहे असे ते म्हणतात. आपल्याच व्यवसायावर इतक्या उघडपणे तुटून पडणारा माणूस लोकप्रिय होत नाही, आणि ते झालेही नाहीत.

या आरोपाला आधार नाही असे कोण म्हणेल? पेडिग्री हे नाव आपल्याकडे आता कुठल्याही कोरड्या खाद्याला लावले जाते, जसे एकेकाळी वनस्पती तुपाला डालडा म्हणत. ते ज्या मार्स कंपनीचे आहे, तिच्याच मालकीचे रॉयल कॅनिन. त्याच कंपनीने २००७ साली अमेरिकेतील बॅनफिल्ड ही प्राण्यांच्या दवाखान्यांची साखळी ताब्यात घेतली आणि २०१७ साली व्हीसीए ही दुसरी मोठी साखळी सुमारे नऊ अब्ज डॉलर मोजून विकत घेतली. म्हणजे अन्न देणारा, आजार ओळखणारा आणि त्या आजारावरचे 'विशेष' अन्न लिहून देणारा, तिघांचा गल्ला शेवटी एकच. ब्रिटनमध्ये २०१३ साली मोठ्या समूहांच्या मालकीचे पशुदवाखाने दहा टक्क्यांच्या आसपास होते, ते प्रमाण पुढील दहा वर्षांत साठ टक्क्यांच्या घरात गेले. अखेर तेथील स्पर्धा नियामकाला २०२४ साली या क्षेत्राची सखोल चौकशी सुरू करावी लागली. आणि पाकिटातील अन्न सुरक्षित असते हा दावाही २००७ साली उघडा पडला होता. त्या वर्षी चीनहून आलेल्या गव्हाच्या प्रथिनांत मेलामाइन मिसळलेले निघाले, अमेरिकेत कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, आणि शेकडो प्रकारची पाकिटे दुकानांतून परत मागवावी लागली.

याची लहानशी चव मीही घेतली आहे. तीन वर्षांपूर्वी मोत्याच्या पाठीवरचे केस गळू लागले, तेव्हा त्याला शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या शहरात नेले होते. वातानुकूलित खोली होती, भिंतीवर खाद्याच्या पाकिटांचे मांडे होते आणि टेबलावरच्या पेनावरही त्याच खाद्याचे नाव होते. तपासणी पाच मिनिटांत उरकली. चिठ्ठीवर पहिली ओळ खाद्याच्या पाकिटाची, दुसरी शाम्पूची आणि तिसरी औषधाची होती. बिलही त्याच क्रमाने उतरत गेले. गोचिडी होत्या, एवढेच. घरी परत आल्यावर आमच्या गल्लीतल्या म्हशीवाल्यांनी मोत्याच्या कानात बोट घालून ते दाखवून दिले.

तेव्हा संशय रास्त आहे. परंतु संशय रास्त असणे आणि त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सावकार लुबाडतो म्हणून आकडा लावणे शहाणपणाचे ठरत नाही. पाकीटवाल्या कंपन्या नफ्यासाठी खोटे बोलत असतील, म्हणून त्यांच्या विरोधकांचे प्रत्येक विधान आपोआप खरे होत नाही. शिवाय कच्च्या मांसाचाही आता धंदा झाला आहे, तेही गोठवलेल्या पाकिटांतून विकले जाते आणि त्याच्याही जाहिराती असतात, हे पुतण्याच्या लक्षात आलेले दिसत नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी अशी पस्तीस गोठवलेली उत्पादने तपासून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्याहून अधिक पाकिटांत लिस्टेरिया, पाचांतील एका पाकिटात साल्मोनेला आणि जवळपास चौथ्या हिश्श्यात ई. कोलायची घातक जात सापडली. कुत्र्याचे आतडे हे पचवूनही नेते. पण ते पाकीट ज्या ओट्यावर फोडले जाते तो ओटा माणसांचा असतो आणि कुत्रा जे तोंड चाटतो ते मुलाचे असते. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने २०१२ साली कच्च्या मांसाविरुद्ध ठराव केला, तो मुख्यतः याच कारणासाठी.

आता लांडग्याचा मुद्दा. भाषेच्या शिक्षकाला यातील 'मुळात' या शब्दाची भीती वाटते. या एका शब्दाने आमच्या साहित्यव्यवहारात जेवढा गोंधळ घातला आहे तेवढा अन्य कोणी क्वचितच घातला असेल. मूळ मराठी कोणती, शुद्ध शब्द कोणता, अस्सल ग्रामीण अनुभव कोणाचा, हे वाद घालणाऱ्यांना नेहमी असे वाटते की काळ मागे नेत गेले की कोठेतरी एक स्वच्छ, निर्भेळ आरंभबिंदू सापडेल आणि तोच वर्तमानाचा न्यायाधीश होईल. कुत्रा मुळात लांडगा आहे हे विधान 'मराठी मुळात संस्कृत आहे' या विधानाच्या जातकुळीचे आहे. वंश खरा, निष्कर्ष चुकीचा. मधल्या हजारो वर्षांत कुत्रा माणसाच्या उंबऱ्याशी राहिला आणि त्या मुक्कामाची खूण त्याच्या पोटात उमटली. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिले की पिष्टमय अन्न पचवणारे विकर बनवण्याची सूचना देणाऱ्या जनुकाच्या लांडग्याकडे दोनच प्रती असतात, तर कुत्र्याकडे त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात. शेती करणाऱ्या माणसाचे उष्टे खाता खाता हा प्राणी आतून बदलला. भाकरी ही त्याच्यावर लादलेली हिंसा नव्हे, तो त्याचा कमावलेला वारसा आहे. (केवळ भाकरीवर त्याचे भागते असे मात्र नाही. त्याकडे पुढे येतो.)

आणि आपल्याकडे तर हे विज्ञान ठाऊक नसताना रूढीला ठाऊक होते. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला खंडोबाचे ठाणे आहे. देव वर्षातले दोनेक महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात राहतो आणि उरलेला काळ अणदुरात. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. रा. चिं. ढेरे यांनी आणि गुंथर सोंथायमर यांनी या दैवताच्या अभ्यासात कुत्र्याला जे महत्त्व दिले ते वाचकांना ठाऊक असेल. सोंथायमर यांच्या एका निबंधाचे शीर्षकच खंडोबाच्या शिकारी कुत्र्यांवर आहे. कर्नाटकात मैलार-देवरगुड्डाकडे देवाचे वग्गय्या स्वतः कुत्रे होतात, भुंकतात, आणि काष्ठपात्रातले अन्न तोंडाने खातात. आता पाहा, शिकारी देवाचा शिकारी कुत्रा, पण त्या पात्रात घातले जाते दूध आणि केळे. आमच्याकडे चंपाषष्ठीला खंडोबाच्या कुत्र्याला जो घास घालतात तो वांग्याच्या भरिताचा आणि रोडग्याचा असतो. (भरितात कांदा असेल तर तो मात्र कुत्र्याला खरोखरच घातक. कांद्या-लसणाने त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. या एका बाबतीत रूढी चुकली, आणि मी घरी ती दुरुस्त करून घेतली आहे.)

कच्चे आणि पक्के हा भेद तर आमच्याच जिल्ह्यातला. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संत जमले, मुक्ताबाईने थापटणे कशाला असते ते विचारले, काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा इथल्या शाळकरी मुलालाही येते. औंढ्याला विसोबा खेचरांकडे जाऊन नामदेव पक्के झाले. ते पक्के झाल्याची खूण म्हणून परंपरा कोणता प्रसंग सांगते? कुत्रे भाकरी घेऊन पळाले आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, हा. कोरडी भाकरी त्याला खाववणार नाही, ही ती काळजी. संतचरित्रावरून पशुआहारशास्त्र ठरवू नये हे मलाही कळते. पण भाकरीवर स्निग्ध पदार्थ हवा हे तरी त्यात बरोबर आहे.

येथवर हा वाद बैठकीच्या खोलीतला आहे. यापुढे तो नाही.

पुतण्याला वाटते की कच्चा आहार ही नवी, धाडसी कल्पना आहे. आमच्या जिल्ह्यात ती जुनी आणि फुकट आहे. तालुक्याच्या कोणत्याही गावी मटणाच्या दुकानामागे सकाळी सात वाजता जाऊन उभे राहावे. बोकड कापला जातो, पोट उघडले जाते, आणि चार-सहा कुत्री अर्धवर्तुळात बसलेली असतात. उस्मानाबादी शेळीचे नाव देशभर आहे. काळी, उंच, बहुधा जुळी देणारी, कमी पाण्यात तग धरणारी. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले तरी शेळीचे नाव तेच राहिले. या शेळीवर इथली कितीतरी घरे उभी आहेत. तिच्या काळजात किंवा फुप्फुसात कधीकधी पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी निघतात. लिंबाएवढ्या, कधी त्याहून मोठ्या. गिऱ्हाईक असे काळीज घेत नाही. दुकानदार गाठीचा भाग कापतो आणि मागे भिरकावतो. जमिनीवर पडण्याआधीच तो झेलला जातो.

त्या गाठीत एका फीतकृमीची हजारो पिल्ले असतात. कुत्र्याच्या आतड्यात ती मोठी होतात. मोठी म्हणजे जेमतेम तीन ते सहा मिलिमीटर, त्यामुळे विष्ठेत डोळ्यांना काही दिसत नाही आणि कुत्राही आजारी दिसत नाही. अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, गवतावर जातात, शेळी ते गवत खाते, आणि चक्र पुन्हा सुरू होते. मात्र तीच अंडी कुत्र्याच्या केसांना चिकटतात, मेथीच्या जुडीवर बसतात, पाण्याच्या डबक्यात जातात आणि तेथून माणसाच्या पोटात. माणसाच्या यकृतातही मग तशीच गाठ वाढू लागते. ती वर्षानुवर्षे मुकाट वाढते. वैद्यकात तिला हायडॅटिड म्हणतात.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या बरगड्यांखाली दुखू लागले तेव्हा तो एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. घर मेंढपाळांचे. लोकसाहित्याच्या तासाला ओव्या म्हणून दाखवणारा एकमेव मुलगा. गॅस, आम्लपित्त, काविळीचा उतारा, मांत्रिक, असे टप्पे घेत तो सोनोग्राफीपर्यंत पोहोचायला दीड वर्ष गेले. यकृतात नारळाएवढी गाठ निघाली. शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनने त्याच्या वडिलांना समजावले की गाठ पोटातच फुटली तर त्यातील पाण्याने जिवावर बेतेल अशी प्रतिक्रिया येऊ शकते, आणि पिल्ले पसरून पुन्हा गाठी होऊ शकतात. वडिलांनी विचारले, "पण हे आलं कुठून?" सर्जनने सांगितले, कुत्र्यापासून. मुलगा वाचला. गावी परतल्यावर वडिलांनी पहिले काम केले ते कळपाचे दोन्ही कुत्रे मारण्याचे. पुढच्या पावसाळ्यात लांडग्यांनी अकरा मेंढ्या नेल्या. हे मला त्या मुलाने सांगितले, आणि सांगताना त्याला कुत्र्यांसाठी रडू आले, पोटावरच्या टाक्यांसाठी नव्हे.

कोणीतरी त्या बापाला सांगायला हवे होते की दोष कुत्र्याचा नाही, त्याच्या पुढे फेकलेल्या कच्च्या काळजाचा आहे. ते काळीज अर्धा-पाऊण तास उकळले असते किंवा खोल पुरले असते तर चक्र तेथेच तुटले असते. कुत्र्याला ठरावीक अंतराने प्राझिक्वांटेल नावाचे औषध असलेली गोळी दिली असती तरी ते तुटले असते. येथे एक व्यावहारिक सूचना करून ठेवतो. जंताची म्हणून जी स्वस्त गोळी आपण कुत्र्याला देतो, तिच्या वेष्टनावर प्राझिक्वांटेल हे नाव आहे की नाही ते वाचून पाहावे. पुष्कळ गोळ्यांत ते नसते, आणि नसेल तर या कृमीवर ती गोळी विसंबण्यासारखी नव्हे.

आइसलँडची हकीकत मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. एकोणिसाव्या शतकात मेंढ्या पाळणाऱ्या त्या बेटावर हा रोग जगात सर्वाधिक असलेल्या प्रदेशांपैकी एक होता. हाराल्ड क्राब्बे नावाचा डॅनिश वैद्य १८६३ साली तेथे गेला, त्याने कुत्री तपासली, आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक कुत्र्यांत हा कृमी त्याला सापडला. त्याने एक छोटी पुस्तिका लिहिली. १८६४ साली ती आइसलँडिक भाषेत छापून घरोघर फुकट वाटली गेली. कुत्र्याला कच्चे अवयव देऊ नका, ते जाळा किंवा पुरा, एवढाच तिचा आशय. पुढे कायदे झाले, कत्तलीच्या पद्धती बदलल्या, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोग जवळपास नाहीसा झाला. तेथे साक्षरता होती, लोक घरी बसून वाचत. म्हणजे एका पुस्तिकेने, स्थानिक भाषेतल्या, माणसे वाचवली. आमच्या महाविद्यालयात दरवर्षी मराठी भाषा गौरवदिनाला भाषेच्या भवितव्यावर व्याख्याने होतात, त्यांतली काही मीच दिली आहेत. हायडॅटिडवर मराठीत चार पानांची पुस्तिका मी स्वतः अजून लिहिलेली नाही.

कच्च्या कोंबडीविषयी थोडक्यात. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. जानेवारीत निदान आले ते बर्ड फ्लूचे, आणि संशय त्यांना दिल्या गेलेल्या कोंबडीच्या मांसावर गेला. त्याच महिन्यात शेजारच्या उदगिरात कावळे मरून पडले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या ढोकीत. ढोकी म्हणजे तेरपासून हाकेच्या अंतरावर. चिकन सेंटरमधली मुंडकी-पाय मोत्याला कच्चे घालावेत काय, हा प्रश्न माझ्यापुरता तेथे संपला. शिजवल्यावर तो विषाणू टिकत नाही.

राहिला पशुवैद्यक व्यवसाय. पुतण्याच्या पुण्यात चिंता आहे ती वैद्य फार झाल्याची आणि त्यांनी फार विकल्याची. आमच्याकडे चिंता उलटी आहे. खेड्यातले श्रेणी दोनचे दवाखाने वर्षानुवर्षे पशुधन पर्यवेक्षकाच्या भरवशावर चालत आले. एका माणसाकडे कित्येक गावे, त्यात लसीकरण, कृत्रिम रेतन, पंचनामे. २०२२ साली लम्पी आला तेव्हा ही माणसे रात्रंदिवस गोठ्यांतून फिरताना मी पाहिली आहेत, त्यांच्याविषयी वावगे लिहिण्याची माझी छाती नाही. १९६२ या क्रमांकावर फिरते पथक बोलावता येते. पण ते येते गाई-म्हशीसाठी, आणि ते योग्यही आहे, कारण घर म्हशीवर चालते. कुत्र्याचा क्रम शेवटचा. मग कुत्र्याचा वैद्य कोण? औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा असलेला मुलगा. तो माणसाचीच गोळी अर्धी तोडून देतो.

आणि काउंटरवरच्या या वैद्यकीने काय होऊ शकते याचा धडा देशाने एकदा घेतलेला आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक स्वस्त झाले तसे ते गुरांना सर्रास टोचले जाऊ लागले. असे जनावर मेले आणि ते गिधाडांनी खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. हा संबंध २००४ साली सिद्ध झाला, पशूंसाठीच्या वापरावर २००६ साली बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ साली कुपीचा आकार तीन मिलिलिटरवर आणावा लागला. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारातले एखादेच उरले होते. गावाबाहेरच्या ढोरफोडीवरची जनावरे मग कोण खाणार? कुत्री. लांडग्याच्या आहाराचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्या देशाने असा नकळत करून पाहिला. कुत्र्यांची संख्या लाखांनी वाढली, त्याबरोबर रेबीज आणि दूषित पाणीही वाढले. २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे सुमारे पाच लाख जादा माणसे मेली असावीत असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केला. पशुवैद्यकाच्या बाजारपेठेविषयी काळजी करायचीच असेल तर तिची सुरुवात मी येथून करीन, कुत्र्याच्या बिस्किटापासून नव्हे.

पुतण्या संक्रांतीला आला होता. मी त्याला हे सारे सांगितले. तो शांतपणे ऐकत होता, आणि एका ठिकाणी त्याने मला बरोबर पकडले. "काका, तुम्ही रश्श्यातली हाडं टाकता की त्याला." खरे आहे. शिजलेले हाड ठिसूळ होते, त्याची कपची आतड्यात रुतते, आणि याबाबतीत कच्च्याचे पुरस्कर्तेच बरोबर आहेत. नऊ वर्षे आम्ही ती चूक करीत होतो. नुसत्या ताक-भाकरीवर प्रथिने कमी पडतात हेही मला मान्य करावे लागले. तेव्हा आता मोत्याला भाकरीबरोबर एक उकडलेले अंडे असते, आठवड्यातून दोनदा शिजवलेले चिकन हाड काढून, कधी उकडलेले काळीज. हाडे बंद. भिंतीवरच्या कालनिर्णयात गोळीच्या तारखा लाल पेनाने लिहिल्या आहेत. पुतण्याने तक्ता पुसला नाही, पण त्यात 'शिजवून' हा शब्द स्वतःच्या हाताने घातला.

त्यानंतरच्या रविवारी मी मटणाच्या दुकानात थोडा थांबलो. दुकानदार माझ्याच महाविद्यालयात बारावीपर्यंत होते, त्यामुळे मला सर म्हणतात. गर्दी ओसरल्यावर मी त्यांना गाठींच्या काळजाचे सगळे समजावून सांगितले आणि ते कुत्र्यांना न टाकता पुरावे अशी विनंती केली. त्यांनी सुरी फडक्याला पुसली. गाठी त्यांना माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक होत्या, त्या माणसाला होतात हे मात्र ठाऊक नव्हते. क्षणभर ते स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले.

मग म्हणाले, "पुरतो की सर. पण दुकान माझं दहा बाय बारा. मागं नाली, पुढं डांबरी रोड. खड्डा कुठं घेऊ, तेवढं सांगा."